‘सांभाळलेली’ नावाचा रकाना

मी एक जुना संगणक आहे. मित्रांनो, तुम्ही मला पाहिलंत तर हसाल. आजचे संगणक वहीसारखे मिटतात आणि पिशवीत जातात. माझा पडदा म्हणजे एक भलंमोठं खोकं, माझं धड म्हणजे दुसरं खोकं, आणि दोघांना जोडणाऱ्या वायरींचा गुंता असा, की मला या खोलीतून त्या खोलीत न्यायचं म्हणजे बिऱ्हाड हलवण्याइतका खटाटोप. सध्या माझ्या अंगावर एक चादर आहे आणि चादरीवर जास्तीच्या उशा. उशांखाली दबलेल्याला कोणी त्याची कहाणी विचारत नाही. मी न विचारताच सांगणार आहे. ती गोड करून सांगणार नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म एका गल्लीतल्या दुकानात झाला. कुठून कुठून आलेले सुटे भाग जोडून एका कारागिराने मला उभं केलं आणि दुसऱ्याच दिवशी एका छापखान्यात पोचतं केलं. तिथे माझं स्वागत शिव्यांनी झालं. त्या छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून मजकूर तयार करत. एकेक अक्षर खणातून उचलायचं, उलटं लावायचं, ओळ बांधायची. हे काम करणाऱ्याला जुळारी म्हणतात. मी आलो आणि ते खण भंगारात गेले. जुळारी एकेक करून घरी बसले. जाताना प्रत्येकाने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच त्यांना नारळ दिला होता.

एक जुळारी तेवढी राहिली. तिला घरी पुतण्या आत्या म्हणे, म्हणून छापखान्यातही सगळे आत्याच म्हणत. सगळे गेल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली, रुमालाने माझा कळफलक पुसला आणि म्हणाली, “माझं काम तर तू खाल्लंस. आता निदान मला शिकव तरी.”

ती शिकली. बोटं खिळ्यांनी घट्टे पडलेली, पण चुकत नसत. बाकीचे लोक मजकूर वाचत. आत्या अक्षरं वाचायची. एखादा काना कमी असला तर तिला पानाकडे नुसती नजर टाकली की टोचायचा. मालक पाहुण्यांना आमच्याकडे बोट दाखवून सांगायचे, की ही दोघं आहेत तोवर माझ्या छापखान्याला चूक माहीत नाही. मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं कौतुक म्हणाल तर ते एवढंच, आणि तेही अर्धं आत्याचं होतं.

मग छापखानाही बंद झाला. यंत्रं विकली गेली. मला कोणी घेईना. तेव्हा आत्याने मालकांना विचारलं, “हा मी घरी नेऊ का?” मालकांनी हात झटकून हो म्हटलं. मला न्यायला एक शाळेची बस आली. बसची ड्रायव्हर एक बुटकी, रुंद खांद्यांची बाई होती. तिने मला एकटीने उचललं, मुलांच्या सीटवर बसवलं आणि माझ्याभोवती पट्टा आवळला. “हलू नकोस रे,” ती मला म्हणाली. ती आत्याची धाकटी बहीण. तिला सगळे धाकटीच म्हणत.

दोघी बहिणी एका इमारतीत वरच्या मजल्यावर राहत. दोन खोल्या, एक खिडकी जिन्याकडे उघडणारी, खाली घड्याळदुरुस्तीचं दुकान. दोघींनी लग्न केलं नव्हतं. आत्या घर टापटीप ठेवी, धाकटी ते विस्कटे. आत्या हळू बोले; धाकटी दिवसभर बसच्या गोंगाटात ओरडायची सवय घेऊन घरी येई आणि मीठ मागतानाही शेजाऱ्यांना ऐकू जाई.

धाकटी या घरात जन्मली नव्हती. आत्याचे वडील पाणीपुरवठ्याच्या पंपघरात कामाला होते. त्यांच्या जोडीच्या माणसाच्या राहत्या खोलीत स्टोव्हचा स्फोट झाला. तो आणि त्याची बायको गेली, आणि पाळणाघरात ठेवलेली तीन वर्षांची पोर वाचली. वडील तिला खांद्यावर घेऊन घरी आले. तिचं कोणी न्यायला येईपर्यंत दोन दिवस ठेवून घेऊ, असं म्हणाले. कोणी आलं नाही. त्या दोन दिवसांचं सगळं आयुष्य झालं. कोणीतरी सुचवलं होतं, की रीतसर दत्तक घ्या, कागद करा. तर वडील म्हणाले होते, “घरातल्या पोरीला कागद कशाला लागतो?”

भला माणूस. पण मित्रांनो, कागद लागतो. कसा ते पुढे कळेल.

आत्याला एक थोरला भाऊही होता. सगळे त्याला दादा म्हणत. तो वजनमापं तपासणारा सरकारी अधिकारी होता, निवृत्त झाला तरी त्याची तपासणी निवृत्त झाली नव्हती. त्याचा मुलगा, म्हणजे आत्याचा पुतण्या, लिफ्टच्या एका कंपनीत साहेब होता. त्याला सायकल धाकटीने शिकवली. मागचं कॅरियर धरून ती रस्ताभर धावायची. मोठेपणी गाडी चालवायलाही तिनेच शिकवली. तो तिला धाकटी आत्या म्हणायचा.

तर आता माझं खरं काम. छापखाना सुटल्यावर आत्याचे हात रिकामे राहिनात. कोणीतरी तिला एक तबकडी, म्हणजे सीडी, दिली. तिच्यात वंशवृक्ष मांडायचा प्रोग्रॅम होता. माणसाचं नाव घालायचं, आईबाप जोडायचे, लेकरं जोडायची, की पडद्यावर झाड आपोआप फांद्या फोडतं. आत्याला हे भलतंच आवडलं. तिने काय केलं नाही? म्हाताऱ्या नातेवाइकांकडे जाऊन बसली. सुट्टीच्या दिवशी धाकटी तिला गाडीने गावोगाव फिरवायची. कोण कुठे जन्मलं, कशाने गेलं, कोणाला काय टोपणनाव होतं, कोण कोणाशी का बोलत नव्हतं, हे सगळं आत्याने माझ्यात उतरवलं. प्रोग्रॅमला नावं परक्या अक्षरांतच कळत, म्हणून नावं तशी. पण प्रत्येकाखाली मोठी टीप ती आपल्या अक्षरांत लिही, छापखान्यात वापरायची त्याच जुन्या फाँटमध्ये. त्या फाँटचं वळण तिच्या हाताला बसलं होतं.

मग धाकटीची पाळी आली. प्रोग्रॅमने विचारलं, नातं कोणतं? जन्माने की दत्तक? आत्या थांबली. दोन्ही खोटं होतं. ती बराच वेळ मेनू उलटेपालटे करत राहिली आणि तिला सापडलं, की या प्रोग्रॅममध्ये आपला स्वतःचा रकाना बनवता येतो. तिने रकाना बनवला आणि त्याला नाव दिलं, ‘सांभाळलेली’.

धाकटी तेव्हाच कामावरून आली होती. हातात बसच्या किल्ल्या तशाच. ती आत्याच्या खांद्यावरून वाचू लागली.

“हे काय लिहिलंयस?”

“तू.”

“सांभाळलेली. मी काय काचेची बरणी आहे?”

“मग तू सांग दुसरा शब्द.”

धाकटी खुर्चीच्या पाठीवर रेलून विचार करत राहिली. तिने दोन-तीन शब्द पुटपुटून पाहिले आणि स्वतःच मोडीत काढले. “राहू दे,” ती म्हणाली. “बरा आहे. पण माझे आईबाप पण घाल वर. नावं ठाऊक आहेत मला.”

आत्याने तेही घातले. झाडात धाकटीला दोन रेघा आल्या. एक तिच्या जन्मदात्यांकडे जाणारी सलग, एक या घराकडे येणारी तुटक. मला तोवर कोणी इतक्या विचाराने काही सांगितलं नव्हतं. मी पावत्या, पत्रिका, जाहिराती पाहिल्या होत्या. त्या दिवशी मला आपण संगणक असल्याचं समाधान वाटलं.

वर्षं गेली. माझा पंखा घरघरू लागला. आत्याच्या चष्म्याचा नंबर वाढला. एके दिवशी पुतण्या आपला चपटा लॅपटॉप घेऊन आला. समुद्रापलीकडे राहणाऱ्या एका चुलतभावाने इंटरनेटवर सबंध घराण्याचं झाड मांडायला घेतलं होतं. सगळ्या शाखा त्यात एकत्र येणार होत्या, आणि पुढच्या महिन्यात एका मोठ्या हॉलमध्ये सगळ्यांचं संमेलन भरणार होतं. भिंतीवर झाड छापून लावायचं होतं. आत्याचं झाड सगळ्यांत मोठं, त्यामुळे ते हवंच होतं.

“ने की,” आत्या म्हणाली. “त्यासाठीच केलंय.” तिच्या आवाजात मी इतका आनंद कधी ऐकला नव्हता. ती चहा टाकायला आत गेली.

मित्रांनो, एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात माणसं नेणं हे दिसतं तितकं सोपं नसतं. प्रत्येक प्रोग्रॅमची बोली वेगळी. म्हणून सगळ्यांना थोडंफार समजेल अशी एक साधी फाईल काढायची आणि ती दुसऱ्याने वाचायची, अशी पद्धत आहे. थोडंफार समजेल, हे लक्षात ठेवा. पुतण्याने माझ्यातून ती फाईल काढली आणि लॅपटॉपला दिली. लॅपटॉपने भराभर वाचली. नावं गेली, जन्मसालं गेली. आत्याच्या टिपा मात्र पलीकडे पोचल्यावर चौकोन, टिंबं आणि वाकडी चिन्हं झाल्या, कारण तो जुना फाँट तिकडे कोणाला ओळखीचा नव्हता. पुतण्या म्हणाला, “काय कचरा आलाय,” आणि त्याने टिपा वगळल्या.

मग लॅपटॉपच्या पडद्यावर अक्षरं आली, की काही नोंदी ओळखता आल्या नाहीत, यादी पाहायची आहे का? पुतण्याचा फोन वाजत होता, कुठेतरी कोणीतरी लिफ्टमध्ये अडकलं होतं. फोन कानाशी धरून त्याने ‘नको’ दाबलं. पुन्हा अक्षरं आली. मुख्य झाडाशी न जोडलेल्या व्यक्ती सापडल्या, काढून टाकायच्या का? पुतण्या फोनवर म्हणत होता, “मी निघालोच, निघालोच.” त्याने ‘हो’ दाबलं.

धाकटी गेली. तिच्यावरचे तिचे आईबाप गेले. मी शेजारी बसून पाहत होतो. मला घरघरण्यापलीकडे काही करता येत नाही.

संमेलनाच्या आदल्या आठवड्यात पुतण्या छापलेलं झाड गुंडाळून घेऊन आला. जमिनीवर पसरलं तर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आत्याने चष्म्यावर भिंग धरलं आणि खाली बसून वाचायला लागली. ती कौतुक करत नव्हती, प्रूफ तपासत होती. बोट एकेका नावावरून सरकत होतं. पुतण्या उभ्याउभ्या हसत होता. बोट शेवटच्या फांदीपर्यंत गेलं, परत मागे आलं आणि आत्याच्या स्वतःच्या नावाशेजारी थांबलं. तिथे कोरी जागा होती.

“धाकटी कुठे आहे?” आत्याने विचारलं.

पुतण्याने वाकून पाहिलं. त्याचं हसू गेलं. त्याने मुद्दाम केलं नव्हतं, हे मी साक्षीदार म्हणून सांगतो. त्याने लॅपटॉप उघडला, शोधलं, आणि कपाळाला हात लावला. “आत्या, सॉफ्टवेअरने घेतलंच नाही गं. तू जो रकाना बनवला होतास ना, तो त्याला कळला नाही. म्हणून ती सुटी पडली, आणि सुटी नावं काढून टाकली गेली.”

“कोणी काढली?”

“म्हणजे… आपोआप.”

“बरं. मग आता घाल.”

“घालतो ना. दोन मिनिटांचं काम.” त्याने मेनू उघडला. “इथे दत्तक आहे, सावत्र आहे, ‘पालनपोषण’ असंही एक आहे. हे चालेल?”

“हेच तर आहे ते,” आत्या म्हणाली.

त्याचं बोट बटणावर होतं. नुसतं दाबायचं बाकी होतं. आणि मग त्याला वाटलं, की बाबांना एकदा विचारावं. त्याने फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

दादाने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, “आपोआप निघाली ना? मी काही काढायला सांगितली नव्हती.”

“नाही बाबा. चुकून.”

“मग राहू दे की. निघालीच आहे तर पुन्हा कशाला घालायची?”

“दादा,” आत्या म्हणाली, “ती आपली बहीण आहे.”

“आहे ना. मी कुठे नाही म्हणतो? पण हा कागद वंशाचा आहे. तिकडची माणसं येणार, विचारणार ही कोण, कुठली, हिची रेघ तुटक का. किती जणांना सांगत बसायचं? मी जन्मभर मापं तपासली. माप म्हणजे माप. आणि तिला काय कमी केलं आपण? खाऊ-पिऊ घातलं, शिकवलं. नाव नसलं भिंतीवर म्हणून काय बिघडतं?”

पुतण्याने बटणावरचं बोट काढून घेतलं. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी दिसलं. आता ते त्याने ठरवलेलं नव्हतं.

आत्या जमिनीवरच बसून होती. “मग माझंही नाव काढ,” ती म्हणाली.

“असं काय करतेस आत्या?”

“का? माझ्याही खाली कोणी नाही. माझी रेघ तिथेच संपते. काढलंस तर कागद आणखी नेटका दिसेल.”

तेवढ्यात दाराशी हालचाल झाली. धाकटी दुपारची फेरी संपवून केव्हाची आली होती. बसचा निळा शर्ट अंगात, हातात चहाचा ट्रे. तिने ट्रे ठेवला, आणि बिनसाखरेचा कप पुतण्यापुढे सरकवला. “गार होतोय,” एवढंच म्हणाली. तिच्या नेहमीच्या आवाजात नाही, हळू.

दोन दिवसांनी दादाचा तिला फोन आला. स्टेशनवरून म्हातारी माणसं हॉलवर न्यायची होती, मिनीबस ठरवली होती. “तूच चालव,” दादा म्हणाला. “बाहेरचा माणूस नको.”

“जाऊ नकोस,” आत्या म्हणाली.

“म्हातारीकोतारी माणसं आहेत. त्यांनी माझं काय केलंय?” धाकटी म्हणाली आणि गेली. आत्या गेली नाही. दिवसभर ती माझ्यासमोर बसली, पण मला सुरू केलं नाही.

संध्याकाळी धाकटी परत आली. बूट काढत दारातच बसली.

“झालं का छान?” आत्याने विचारलं.

“झालं. माणसं खूप आली होती. झाड मोठं दिसत होतं. लोक फोटो काढत होते त्याच्यापुढे.”

“जेवलीस?”

“जेवले. ड्रायव्हर लोकांचं मागच्या बाजूला ठेवलं होतं.”

आत्याने पाण्याचा तांब्या तिच्यापुढे ठेवला.

“कोणाचीतरी सून होती,” धाकटी म्हणाली. “चांगल्या मनाने म्हणाली बिचारी. ताई, गर्दी व्हायच्या आत जेवून घ्या, ड्रायव्हरांचं मागे आहे, म्हणाली.”

“आणि आपला पुतण्या?”

“होता ना. बाजूलाच उभा होता. पाण्याच्या बाटल्या लावत होता.”

“काही बोलला नाही?”

“नाही. लावलेल्या बाटल्या पुन्हा लावायला लागला.” धाकटीने दुसरा बूट काढला. “भूक लागली होती मला. म्हणून जेवले.”

त्यानंतर आत्याने जे केलं, ते मी कधी विसरणार नाही. शांत बाई, पण हट्टाला पेटली. तिने त्या चुलतभावाला ‘माझं मूळ झाड नीट पाहा’ असं पत्र टंकून पाठवलं आणि माझी फाईल सोबत जोडली. त्याचं सभ्य उत्तर आलं. फाईल मिळाली, आमच्याकडे आहे त्याहून त्यात वेगळं काही दिसत नाही, आपल्या कष्टांबद्दल आभार. कसं दिसणार? त्याच्या प्रोग्रॅमनेही तो रकाना ओळखला नव्हता, आणि त्यानेही यादी पाहिली नव्हती. तोवर त्याच्याकडून आणखी नातेवाइकांनी झाड उतरवून घेतलं होतं, प्रत्येकाने आपापल्या प्रोग्रॅममध्ये. एकाच्या झाडात आजोबा नातवापेक्षा लहान झाले. एकात दादाचं दोनदा लग्न झालं. पुतण्या हे हसतहसत सांगायचा. एक गोष्ट मात्र सगळीकडे बिनचूक पोचली होती. धाकटी कुठेच नव्हती.

शेवटी आत्या म्हणाली, “मी तुला सरळ आईबाबांची मुलगी म्हणून घालते. जन्माने. मग तर कोणत्याही प्रोग्रॅमला कळेल.”

“नको,” धाकटी म्हणाली.

“का?”

“ते खोटं होईल. माझी आई होती. तिने मला सकाळी पाळणाघरात सोडलं म्हणून मी वाचले. तिला पुसून मला कुठे घालतेस?”

आत्याने कळफलकावरचे हात उचलले. त्यानंतर तिने ते झाड उघडलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात आत्या गेली. छातीचं दुखणं होतं. धाकटी रोज बसची फेरी संपली की दवाखान्यात जाऊन बसे. नंतर एकदा ती फोनवर कोणालातरी सांगत होती, की दवाखान्यात पहिल्या दिवशी खिडकीवरच्या कारकुनाने विचारलं, पेशंटच्या कोण? ती म्हणाली, बहीण. त्याने मान वर न करता लिहून घेतलं. “तिथे काही अडलं नाही,” ती फोनवर म्हणाली.

मीही त्याच सुमारास बंद पडलो. धाकटीने दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने माझं झाकण उघडलं, आत फुंकर मारली आणि मान हलवली. माझे भाग आता कुठे मिळत नाहीत म्हणे. धाकटीने मला भंगारात दिलं नाही. चादर घातली. पण तिचीही जागा लहान, म्हणून मग उशा आल्या.

आणि मग एका सकाळी पुतण्या आला. पुष्कळ दिवसांनी. काळा चष्मा लावून आला होता, घरात आल्यावरही काढला नाही. त्याला दिव्यांभोवती रंगीत कडी दिसत होती, पायरी चुकत होती. डॉक्टरांनी विचारलं होतं, घराण्यात कोणाला डोळ्यांचा त्रास होता का, आणि कोणत्या वयात. दादाला विचारलं, तर दादा म्हणाला, आपल्याकडे सगळ्यांचे डोळे ठणठणीत. इंटरनेटवरच्या झाडात जन्म आणि मृत्यू होते, बाकी काही नव्हतं.

“आत्याने लिहिलं होतं ना सगळं,” तो म्हणाला. त्याने उशा उतरवल्या, चादर काढली, माझं बटण दाबलं. माझा पंखा जरासा फिरला. पडदा काळाच राहिला. ती सगळी माहिती माझ्या पोटात होती. मित्रांनो, मी जोर लावला असं सांगायला मला आवडलं असतं. पण यंत्राला जोर लावता येत नाही.

“काय हवंय तुला?” धाकटीने विचारलं.

त्याने सांगितलं. धाकटी समोर बसली आणि बोलायला लागली. तुझ्या आजीला, म्हणजे आमच्या आईला, काचबिंदू होता, चाळिशीतच सुरू झाला. तिला आधी कडेचं दिसेनासं झालं, दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटायची. तिच्या आईला तेच होतं, तेव्हा त्याला कोणी नाव दिलं नव्हतं. मधल्या मामालाही होता. त्याला दर महिन्याला डोळ्यांच्या दवाखान्यात मीच न्यायची, थेंब कोणते तेही सांगते. दादा तेव्हा बदलीच्या गावी होता, त्याला यातलं काय माहीत असणार? आईचं शेवटी सगळं मीच करत होते. आत्या कामावर असायची.

पुतण्या लॅपटॉपवर लिहून घेत होता. तोंड पडद्याच्या अगदी जवळ नेऊन. त्याने प्रत्येकाच्या नावापुढे आजार घातला, वय घातलं. धाकटी घाई करत नव्हती. त्याला दिसलं नाही तिथे ती पुन्हा सांगत होती.

सगळं भरून झाल्यावर प्रोग्रॅमने एक प्रश्न विचारला. ही माहिती कोणी दिली? नाव लिहा, नातं निवडा. पुतण्याने धाकटीचं नाव लिहिलं, यादी खाली सरकवली आणि ‘आत्या’ निवडलं. प्रोग्रॅमने झाडात शोधलं. ही व्यक्ती सापडली नाही, नवीन जोडायची का?

खालून घड्याळवाल्याच्या दुकानातली ठोके देणारी घड्याळं तेवढी ऐकू येत होती. पुतण्याने काळा चष्मा काढून डोळे पुसले. धाकटी त्याच्याकडे पाहत होती. तिने काही मागितलं नाही. दादा अजून होता, झाड अजून सगळे पाहत होते, जोडलं की सगळ्यांना कळणार होतं. त्याने लिहिलेलं नाव पुसलं, परत यादी उघडली, अगदी तळाशी गेला, आणि ‘इतर’ निवडलं.

प्रोग्रॅमला ते लगेच कळलं.

त्याने लॅपटॉप मिटला. “येतो गं धाकटी आत्या,” तो म्हणाला. धाकटी उठली, त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेली, कारण त्याला पायऱ्या नीट दिसत नव्हत्या. तिने त्याचा दंड धरला होता. पहिल्या वळणावर ती म्हणाली, “आणि तुझ्या लेकीचे डोळे तपासून घे. आत्तापासूनच, दरवर्षी. तिला काही होत नसलं तरी.”

ती वर आली. तिने माझ्यावर चादर घातली, उशा ठेवल्या, आणि शर्टाची बटणं लावत फेरीला निघून गेली.

मित्रांनो, आत्मवृत्त सांगणारा शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागतो. मला दुरुस्त करा, असं मी म्हणत नाही. माझे भाग मिळत नाहीत. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याकडे माझ्यापेक्षा हुशार यंत्रं असतील, आणि एकातून दुसऱ्यात तुम्ही आपली माणसं न्याल. काही नोंदी ओळखता आल्या नाहीत, असं यंत्र सांगेल. ते यंत्राचं अडाणीपण आहे, त्याला क्षमा करा आणि यादी उघडून वाचा. पण पुढचं काम यंत्राचं नाही. एखादी रेघ तुटक दिसते, सांगायला अवघड जाते, वडीलधाऱ्यांना नको असते, अशी माणसं तुमच्याही घरात असतील. कोणी तुमच्या सायकलमागे धावलं असेल, कोणी तुमच्या आजीला उठवून बसवलं असेल. झाड मांडायला बसलात, की त्यांचं नाव पहिल्यांदा लिहा. आपलं मागाहून लिहिलं तरी चालतं.